पाण्याआडचा बिछाना

मंगळाच्या वाटेवर सहावा महिना चालू होता. यानात पाण्याच्या टाक्यांआड एकच बिछाना होता. अवकाशातले घातक किरण तिथे कमी पोचत, म्हणून ज्याच्या छातीवरच्या बिल्ल्यात सर्वांत जास्त किरण नोंदले जात, त्याला तो मिळे. चारुताला तिथे घोरताना पाहून वामनच्या पोटात दुखे. शेवटी त्याने आपला बिल्ला आठ दिवस यानाच्या पातळ बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवला.

"जिंकलात, वामनराव! बिछाना तुमचा," डॉक्टर सबनीस म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "पण पृथ्वीवरून आजच हुकूम आलाय. ज्याने सर्वांत जास्त किरण झेलले, त्याने मंगळावर उतरायचं नाही. चारुता, मंगळावर उतरायला आता तू चल माझ्याबरोबर."

चारुता उशी बगलेत मारून बाहेर आली. "अहो, आकडा पुन्हा तपासा की! गेल्या आठवड्यात हे माझ्या कितीतरी मागे होते."

"बिल्ला बरोबर आहे ना, वामनराव?" डॉक्टरांनी विचारलं.

खरं सांगितलं तर मंगळ मिळाला असता. पण आपली लबाडी चारुतासमोर कबूल करावी लागली असती. तिच्या डोळ्यांत त्याच्यासाठी खरीखुरी हळहळ होती, आणि तीच त्याला सहन होईना.

"बरोबर आहे," तो म्हणाला आणि तिच्या अंगाची ऊब राहिलेल्या बिछान्यात शिरला.