गुरुवारचा लेप

बायको गेली त्याच दिवशी मला कळलं, की दर गुरुवारी ती बहिणीकडे जातच नव्हती. मी मेहुणीला म्हटलं, "आता गुरुवारी तुला करमायचं नाही." ती रडता रडता थांबली. "गुरुवारी? भावजी, ताई गुरुवारी माझ्याकडे कधीच आली नाही."

अकरा वर्षं ती गुरुवारी संध्याकाळी घरी यायची तेव्हा चेहरा कसा उजळलेला असायचा. ते आठवून माझं डोकंच फिरलं.

आठवड्याने तिच्या पर्समध्ये एका वैद्याची चिठ्ठी सापडली. तडक गेलो. वैद्य माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि दिसायला राजबिंडा. माझा नुसता जळफळाट झाला.

"माझी बायको दर गुरुवारी तुमच्याकडे कशाला यायची?"

त्याने एक डबी पुढे सरकवली. "हनुवटीवरच्या केसांसाठी, काका. हळद आणि मसुराचं पीठ. लेप वाळला की आमच्या बाई तो केसांच्या उलट्या दिशेने चोळून काढतात. केस पूर्ण जात नाहीत, हे मी काकूंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण त्या म्हणायच्या, ह्यांना दिसले तर मी ह्यांच्या मनातून उतरेन."

म्हणजे जे माझ्यापासून लपवलं, ते ह्याला अकरा वर्षं माहीत होतं. डबी घेऊन मी बाहेर पडलो.

 

ती लव मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात दिसली होती आणि आवडलीही होती. तेवढं तिला सांगायचं राहून गेलं.