स्थळदर्शन

“हे दाखवायला आणलंस व्हय पाहुण्यांना?” सटवाजीने नाकाला दस्ती लावत लेकीला विचारलं.

“गंजगोलाईची बाजारपेठ काय, सगळेच बघतात, आप्पा. इथे कुणी येत नाही,” आरती म्हणाली आणि तिने रिक्षा कचरा डेपोच्या अगदी कडेला उभी करायला लावली.

पाहुणे दोघं होते. सिंधुबाई आणि त्यांचे थोरले भाऊ भीमराव, निलंग्याकडचे. चाळिशी ओलांडलेल्या सिंधुबाई पदर सावरत मुकाट्याने खाली उतरल्या आणि धुराकडे बघत उभ्या राहिल्या.

आरतीचं डोकं परवापासून फिरलं होतं. जळकोटहून आप्पांचा फोन आला होता. “स्थळ आलंय. पाहुण्यांना घेऊन लातूरला येतोय. तू एकदा बघून घे. तुला पसंत पडलं पाहिजे.” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवून दिला. काही विचारायलाही सवड दिली नाही.

नीटची परीक्षा तोंडावर आलेली. मागल्या खेपेला मेडिकल थोडक्यात हुकलं, म्हणून ती खोली घेऊन पुन्हा क्लास करत होती. आई गेली तेव्हा याच आप्पांनी शब्द दिला होता, डॉक्टर झाल्याशिवाय तुझ्या लग्नाचा विषय काढणार नाही. आणि आता पाहुण्यांवर छाप पाडायला नवा सदरा घालून, केस काळे करून हजर! घाईघाईत लावलेला कलप कानाच्या पाळीलाही लागला होता. तिला त्यांचा असा राग आला होता की सांगायची सोय नाही.

आल्या आल्या पाहुण्यांच्या तोंडावर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. तिने मनाशी ठरवलं, स्थळ बघायला आलात ना, मग स्थळंच दाखवते. दिवसभर असं फिरवते की या होणाऱ्या सासूबाई स्वतःच म्हणतील, ही पोरगी नको.

डेपोनंतर बंद पडलेली तेलगिरणी. रणरणत्या उन्हात तिने सगळ्यांना गंजलेल्या फाटकापुढे उभं केलं.

सिंधुबाईंनी फटीला नाक लावलं. “अगं, अजून बी पेंडीचा वास येतोय की!” त्या खूश होऊन म्हणाल्या.

आरतीने कपाळाला हात लावला.

मग गुरांच्या बाजारामागची शेड. निकालाच्या दिवशी क्लासवाले चौकाचौकात गुणवंतांचे फ्लेक्स लावतात. वर्ष सरलं की ते इथे येऊन पडतात आणि शेतकरी ते सोयाबीन झाकायला घेऊन जातात. ढिगातून कितीतरी हसरे चेहरे वर बघत होते.

“म्हंजी डॉक्टर झालं तरी पावसात उभं ऱ्हाणं काय चुकत न्हाई,” सिंधुबाई म्हणाल्या.

आरतीला हसू फुटलं. तिने ते मोठ्या कष्टाने दाबलं आणि स्वतःवरच चिडली.

“मला स्वयंपाक येत नाही,” ती तडकून म्हणाली. “भाकरी थापता येत नाही. आणि मी शिकणारही नाही.”

“मला येती की. तू आपला अभ्यास कर.”

काय बाई आहे ही! कशालाच बधत नाही. तेवढ्यात सिंधुबाईंनी शेडच्या छताकडे बघितलं. “भूकंपापासनं मला पत्राच बरा वाटतो. स्लॅबखाली डोळ्याला डोळा लागत न्हाई.”

“आपल्या घरावर बी पत्राच हाय की,” सटवाजी लगबगीने बोलला.

किती ती लाचारी! आरतीचा संताप अनावर झाला.

बस स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा आला. सटवाजी कपातल्या चहाकडे बघत होता. “मग आरती, काय म्हणतीस?” त्याने मान वर न करताच विचारलं.

“मला हे स्थळ पसंत नाही,” आरती म्हणाली. आवाज चढला तशी शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. “आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. परत हा विषय काढलात तर मी घरी पाऊल ठेवणार नाही.”

सिंधुबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढून आरतीपुढे सरकवला.

“मनात नसताना हाव म्हणू न्हाई. बरं केलंस. रात्री वाचताना खात जा.”

“बरं,” सटवाजी म्हणाला आणि चहाचे पैसे द्यायला उठला. गल्ल्यापाशी तो उगाचच बराच वेळ उभा राहिला.

आरतीला एकदम हलकं वाटलं. सुटले एकदाची! आता तिला त्या बाईंचा राग येईना. निलंग्याची गाडी लागली तेव्हा तिने स्वतःहून त्यांची पिशवी उचलून दिली.

सिंधुबाई आत जाऊन खिडकीशी बसल्या. भीमराव पायरीवर थांबले. त्यांनी खाली वाकून आरतीच्या डोक्यावर हात ठेवला.

“जिवाला लावून घेऊ नको, पोरी. तुझे आप्पा आम्हाला पयल्या दिवशीच म्हणले हुते, आरतीनं हाव म्हणल्याबिगर मी बाशिंग बांधणार न्हाई.”