लपवता न येणारं दुखणं

टेकडी अर्धी चढून झाली तेव्हा वसुमतीने वडिलांच्या मनगटाकडे पाहिलं. पट्टी गर्द निळी झाली होती. सूज आली की रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तिकडे बोलावणारं, उंदराच्या शरीरातलं प्रथिन तिनेच प्रयोगशाळेत बनवलं होतं. त्याच अभ्यासातून, अंगात कुठे दुखलं-सुजलं की पांढऱ्याची निळी होणारी ही पट्टी निघाली, सगळ्यांच्या मनगटावर आली आणि आता कुणालाच दुखणं लपवता येत नव्हतं.

“बाबा, गुडघे दुखताहेत ना?”

“छे, मी मजेत आहे,” म्हणत भार्गवरावांनी ओशाळून सदऱ्याची बाही खाली ओढली.

तिला वाईट वाटलं. ती पायरीवर टेकली. “माझाच पाय मुरगळलाय. जरा बसू या.”

भार्गवरावांनी तिची पट्टी पाहिली. ती पांढरीशुभ्र होती.

“जपून चालावं गं,” म्हणत ते तिच्याशेजारी बसले.