सुंठीचा लेप

बामच्या स्टॉलसमोरच्या रांगेत चारुताची आई ज्याला त्याला सांगत होती, "हा अनुभव माझ्या लेकीनं तयार केलाय हो!" चारुताला मात्र तिथून पळून जावंसं वाटत होतं. आईला तिनं विचारलंच नव्हतं.

नंबर आल्यावर आईनं कपाळाला अनुभव दाखवणारी पट्टी लावली आणि डोळे मिटले. पाच मिनिटांनी उघडले, तेव्हा ती स्वतःच्या वाकड्या करंगळीकडे पाहत राहिली.

"त्यातला बाम चोळणारा हात माझाच की गं. तुला ताप आला होता तेव्हाचा."

"हो. माझ्या आठवणीतूनच घेतला."

"घे की, हात काय झिजतोय थोडाच! पण हा बाम कुठला? मी सहाणेवर सुंठ उगाळून लावायचे. तू नाक मुरडायचीस."

"कंपनीसाठी तेवढंच बदललं, आई."

आठवण यंत्रावर उघडून बदलली की मेंदू बदललेलीच जपतो, मूळची उरत नाही, हे करारात स्पष्ट लिहिलं होतं. नोकरी सोडल्यावर स्वतःच्या नावावर मिळालेलं ते पहिलं मोठं काम होतं. चारुतानं सही केली होती.

घरी येताच आईनं सुंठ उगाळली आणि लेपाचं बोट तिच्या नाकाशी धरलं.

"आठवलं?"

चारुतानं खोल श्वास घेतला. वास तिखट होता आणि अगदी परका होता. आई वाट पाहत होती.

"आठवलं," ती म्हणाली आणि तिनं नाक मुरडून दाखवलं.

"अस्संच मुरडायचीस!" आई खुदकन हसली.

चारुताला मान वर करवेना.