मागच्या सीटचा पट्टा

हिसक्यांनी एक पाय गाडीच्या दारावर रोवला, लहान मुलाची ती सीट दोन्ही हातांनी धरली आणि असा हिसका दिला की अख्खी गाडी डुलली.

"अहो, रंग! रंग जाईल!" गाडीचे मालक आजोबा कळवळले.

"रंग परत देता येतो," हिसके म्हणाले आणि त्यांनी आणखी एकदा ओढलं.

सीट तसूभर हलली नाही. हिसके हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. जुन्या गाड्यांत मुलांच्या सीट बसवायचं काम ते करत आणि बसवलेली प्रत्येक सीट अशी ओढून बघत, म्हणून शेजारच्या गॅरेजवाल्यांनी त्यांचं ते नाव पाडलं. आता तर त्यांच्या बायकोच्याही तोंडी तेच बसलं होतं.

गाडी मात्र दृष्ट लागण्यासारखी होती. लाल, बुटकी, दोन दारांची, छप्पर मागे दुमडणारी. पुढे दोन ऐसपैस सीट, मागे दोन चिमुकल्या. मोठ्या माणसाला मागे बसायचं तर पाय घरी ठेवून यावं. ही गाडी बनली तेव्हा मागे पट्टे द्यायची पद्धतच नव्हती. हिसक्यांनी गाडीच्या पोटाला पोलादी पट्टी वेल्ड केली, तिच्यातून बोल्ट वर काढले आणि डाव्या बाजूला मुलाची सीट आवळली. उजवी जागा तशीच मोकळी राहिली.

"मुलगी नातीला माझ्याबरोबर पाठवतच नाही हो," आजोबा रुमालाने दार पुसत म्हणाले. "एवढी मोठी झाली ठकू, पण या गाडीत अजून पाय नाही ठेवू दिला. तिचं तरी काय चुकलं म्हणा."

मग न विचारता त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा याच गाडीतून गेला. पाच वर्षांचा होता, मागे बसला होता. मुलगी तेव्हा घरी पाळण्यात होती. रस्त्यात कुत्रं आडवं आलं, ब्रेक दाबला, आणि पोरगं उडून रस्त्यावर पडलं.

"पट्टा असता तर वाचला असता. पण तेव्हा होते कुठे पट्टे?"

हिसक्यांना भरून आलं. "त्यात तुमचा काय दोष, आजोबा," ते म्हणाले, आणि उगाचच एक घट्ट बोल्ट पुन्हा घट्ट करायला वाकले.

मुलगी आली ती कपाळाला आठ्या घालूनच. ठकू कडेवर होती.

"बाबा, मी फक्त बघायला आलेय. हो म्हणायला नाही."

"बघा ना, ताई, खुशाल बघा," हिसके म्हणाले. "माझा एकच नियम आहे. मूल बसवून बघितल्याशिवाय मी गाडी देत नाही. आणि पट्टा लावायचा तो गाडी चालवणाऱ्यानेच."

आजोबांनी ठकूला सीटमध्ये बसवलं. पट्टा खाचेत बसेना. ठकू शहाण्यासारखी हात वर करून थांबली. शेवटी खट् असा आवाज आला. मग मुलगी पुढे झाली. तिने सरळ दारावर पाय रोवला आणि सगळा जीव लावून सीट ओढली. रंगाबद्दल आजोबांनी चकार शब्द काढला नाही. सीट जागची हलली नाही, आणि मुलीचे डोळे मात्र भरून आले.

"तेव्हा हे असतं तर, बाबा."

"असतं तर गं."

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. या गाडीजवळ उभं राहून ती बापाशी इतकं मऊ कधी बोलली नव्हती. "कोपऱ्यापर्यंत जाऊन या," ती म्हणाली. "पण सावकाश हं."

आजोबांचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"नीट बस ना," ठकू म्हणाली. ती मोकळ्या सीटकडे बघत होती.

हिसके हसले. "कुणाला दटावतेस गं?"

"मामाला."

मुलीने हिसक्यांचा दंड धरला. "तिला मामा नाही," ती कुजबुजली. "होता, हे आम्ही कुणी तिला कधी सांगितलेलं नाही."

गप्प बसतील तर ते हिसके कसले! "केवढा आहे मामा?" त्यांनी विचारलं.

ठकूने आपल्या डोक्याच्या जरासा वर हात धरला. "एवढा."

मोकळ्या सीटचं चामडं करकरलं. जुनं चामडं उन्हाने करकरतं कधी कधी. गाडी सकाळपासून शेडच्या सावलीत उभी होती.

"ठकू, उतर," आई म्हणाली, पण तिला स्वतःलाच जागचं हलता येईना. मग तिने विचारलं, "काय म्हणतो तो?"

ठकूने छातीवरच्या पट्ट्यावरून हात फिरवला.

"म्हणतो, पट्टा छान आहे. पण बाबांनी या वेळी दुकानांच्या काचेत आपली गाडी बघायची नाही. समोर बघायचं."

आजोबांना ठकू कधीच बाबा म्हणत नसे.

मुलीने बापाकडे पाहिलं. ते आता हसतील, रागावतील, पोरीच्या जातीला काहीबाही सुचतं म्हणतील, याची ती वाट बघत राहिली. आजोबांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते दाराला धरून खाली वाकले होते.

"क्षणभरच बघितलं होतं रे मी," ते मोकळ्या सीटला म्हणाले.