खिडकीतून सांगितलेला आकडा

“छप्पन!” बैठकीच्या खिडकीतून प्रोकोप ओरडला.

“नीट बघ!”

“नीटच बघतोय. चष्मा लावलाय. हे बघ, आता चोपन्न.”

छपरावर उकिडवा बसलेल्या ओरेस्टने शिवी गिळली आणि डिश केसभर उजवीकडे सरकवली. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. छपरावर पाऊल ठेवायचं नाही, असं मुलाने कॅल्गरीहून फोनवर दहादा बजावलं होतं. पण डिश काय जमिनीवरून सरळ होणार होती? आणि ती सरळ झाली नाही, तर रविवारी डॅनी येऊन बापाला कायमचा कॅल्गरीला नेणार होता. हे ठरवलंही ओरेस्टनेच होतं. टीव्हीशिवाय मी या घरात राहू शकत नाही, असं त्याने मुलाला सांगितलं होतं. का, ते मात्र सांगितलं नव्हतं.

त्याच्या बायकोला, स्टेफाला, जाऊन त्रेचाळीस दिवस झाले होते. चाळिसाव्याची प्रार्थना झाली, चर्चच्या तळघरात सगळ्यांनी उकडलेल्या करंज्यांसारखे पिरोही खाल्ले, आणि गाड्या आपापल्या शेतांकडे निघून गेल्या. स्टेफा गेल्यापासून ओरेस्ट सकाळी उठल्याबरोबर टीव्ही लावायचा आणि झोपताना बंद करायचा. पण ऑक्टोबरचा पाऊस आला की पडद्यावरच्या चित्राचे तुकडे व्हायचे आणि मग पडदा काळा पडायचा. घर शांत व्हायचं. त्या शांततेत स्वयंपाकघरातून पत्ते पिसल्याचा आवाज यायचा. भुतांवर त्याचा विश्वास नव्हता, पण स्वतःच्या कानांवर होता. अंगावर घोंगडं ओढून तो खुर्चीत बसून राहायचा. भीती वाटायची, साधी, लहानपणी वाटते तशी.

“स्टेफा असताना सिग्नल ब्याण्णव यायचा!” तो छपरावरून ओरडला. “मी पाच मिनिटं डिश हलवली की ती आतून सांगायची, ब्याण्णव, उतर आता!”

“मग तुझ्या हाताला काहीतरी झालंय. एकोणसाठ!”

“तुझ्या डोळ्यांना झालंय.”

“माझ्याकडचं चित्र तर पावसातही जात नाही,” प्रोकोप म्हणाला. “नुसती डावी-उजवी काय करतोस? वर-खाली करून बघितलीस का?”

ते ओरेस्टने कधीच केलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी डिश त्याने स्वतः बसवली होती. वर-खालीचा बोल्ट पुस्तिकेत बघून एकदा कसला तो कसलाच. आता त्यावर तेल सोडून पाना लावला आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावलं. बोल्ट करकरला, गंजाची पापडी सुटली. त्याने डिशचं तोंड बोटभर वर उचललं.

“अरे! सत्तर! एक्याऐंशी! थांब, थांब... त्र्याण्णव! हात काढ आता तिथून!”

ओरेस्टने बोल्ट घट्ट कसला. “बघ, आला की नाही परत!” असं तो ओरडणार होता, पण त्याची नजर हाताकडे गेली. हातावर गंजाचा भुगा पडला होता. चौदा वर्षांचा गंज. हा बोल्ट कधी हललाच नव्हता. मग आकडा साठाच्या वर कधी गेला असणार?

तो शिडीवरून सावकाश उतरला. प्रोकोप दारात उभा होता.

“प्रोकोप, ती मला खोटं सांगायची.”

प्रोकोपने टोपी काढली, आत-बाहेर बघितली, परत घातली. चाळीस वर्षांचा शेजार होता त्यांचा.

“माझ्या बायकोला, ओल्याला, सांगितलं होतं तिने. म्हणाली, ‘खरा आकडा सांगितला तर तो नव्वद केल्याशिवाय खाली उतरायचा नाही. आणि एकदा नव्वद झाला, की मग पावसातसुद्धा माझ्याकडे यायचा नाही.’”

प्रोकोपची गाडी रस्त्याला लागेपर्यंत ओरेस्ट अंगणातच उभा होता.

खरंच होतं ते. पावसात टीव्ही गेला की तो चिडचिड करत स्वयंपाकघरात जायचा, आणि स्टेफा टेबलाशी पत्ते घेऊन बसलेली असायची. “सगळ्यांचंच जातं रे पावसात,” म्हणायची. पहिला डाव तो फुगून खेळायचा. तिसऱ्या डावापर्यंत मोठ्याने हसत असायचा. एरवी हिवाळाभर तिने त्याची पाठच बघितली होती.

संध्याकाळी पाऊस आला. ओरेस्ट खुर्चीत बसला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि पडद्यावर हॉकी चालू होती. चित्र जरासुद्धा हललं नाही. एक गोल झाला, मग दुसरा. त्याने आवाज बंद केला आणि कान दिले. स्वयंपाकघरातून काहीही ऐकू आलं नाही. त्याने टीव्हीच बंद केला. तरीही नाही. त्रेचाळीस दिवस ज्या आवाजाला तो भ्याला होता, तो यावा म्हणून त्याने आता श्वास रोखून धरला. घर नुसतं रिकामं होतं. एवढं रिकामं ते अजून एकदाही झालं नव्हतं. त्याला रडू कोसळलं.

अर्ध्या तासाने खिशातला मोबाइल वाजला. डॅनी होता.

“बाबा, तिकडे पाऊस दाखवतायत. टीव्ही चालू आहे ना?”

“उत्तम. काचेसारखं स्वच्छ दिसतंय.”

“मग रविवारी येऊ नको?”

“नको. मी इथेच राहतो.”

“बरं. पण एवढा वाऱ्याचा आवाज कसला येतोय? कुठे आहात तुम्ही?”

“टीव्हीसमोर बसलोय,” ओरेस्ट म्हणाला, आणि ओल्या छपरावर गुडघे रोवून, डिशचं तोंड पुन्हा खाली झुकवायला, त्याने तो बोल्ट आणखी एक आटा सैल केला.