अळंबीची जागा

“तू वाघूळ हायस, कीर्ती. फळ खाल्लं की बिया गावभर सांडशील. मी अळंबी हाय. कुठं उगवते, कुणाला कळू देत नाय.” लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात सासूबाई म्हणाल्या होत्या. दरवर्षी त्या डोंगरातून टोपलीभर अळंबी आणायच्या. जागा मात्र पोटच्या हितेशलाही सांगितली नव्हती.

यंदा अळंबीच्या दिवसांतच त्यांची वाचा गेली. पनवेलच्या दवाखान्यात चिकू भरवता भरवता कीर्ती रडकुंडीला आली. “आई, एक शब्द तरी बोला. वाघूळ म्हणा हवं तर!”

ओठ थरथरले. “वाघ...ळे.”

रडत-हसत कीर्ती नवऱ्याला हाक मारायला वळली, तोच सासूबाईंनी तिचा हात धरून तिला जवळ ओढलं.

“कोन गावच्या डोंगरात... करवंदीच्या जाळीमागं... मोठं वारूळ हाय. हितेशला सांगू नको.”